पात्याचे टोक आणि मिलिमीटरभराची फट

जेट एंजिनाच्या टर्बाइनमधील पात्यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्यांचा वळणदार आकार, त्यांसाठी वापरले जाणारे निकेलचे मिश्रधातू, त्यांच्या पोटातून खेळवलेली थंड हवा हे सारे विषय लोकप्रिय विज्ञानाच्या पुस्तकांतही येऊन गेले आहेत. परंतु पाते जेथे संपते आणि त्याभोवतीचे कवच जेथे सुरू होते, त्या दोहोंमधील रिकाम्या जागेकडे सामान्य वाचकाचे लक्ष क्वचितच जाते. ही जागा फारशी मोठी नसते. दोन पोस्टकार्डे एकावर एक ठेवली असता जेवढी जाडी होईल तेवढीच. पण या फटीतून निसटणारा वायू एंजिनाचे इंधन वाया घालवतो आणि जाता जाता पात्याचे टोकही जाळतो. शेतातल्या पाटाच्या बांधाला उंदराने बीळ पाडावे, तसा हा प्रकार आहे. बिळातून गेलेले पाणी पिकाला मिळत नाही हा एक तोटा. आणि तेच पाणी बीळ कोरीत कोरीत मोठे करते हा दुसरा, व अधिक मोठा.

वायूचे वहन कसे होते हे पाहणारे शास्त्र वेगळे आणि उष्णता एका पदार्थातून दुसऱ्यात कशी जाते हे पाहणारे शास्त्र वेगळे, अशी विभागणी पाठ्यपुस्तकांत केलेली असते. पात्याच्या टोकापाशी ती टिकत नाही. तेथे एकाचे गणित दुसऱ्यावाचून पुरे होत नाही.

प्रथम एंजिनाची रचना थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. पुढील बाजूने आत घेतलेल्या हवेचा दाब संपीडक अनेक पटींनी वाढवतो. ज्वलनकक्षात या हवेत इंधन जळते. तापलेला वायू मग टर्बाइनच्या पात्यांवरून वाहतो व पाती ज्या चकतीच्या परिघावर बसवलेली असतात ती चकती फिरवतो. याच चकतीच्या आसावर संपीडक बसवलेला असल्यामुळे टर्बाइनने मिळवलेले कार्य संपीडकाच्या उपयोगी पडते. ज्वलनकक्षातून बाहेर पडलेला वायू ज्या फिरत्या पात्यांना सर्वप्रथम भेटतो, ती उच्च दाबाच्या टर्बाइनची पाती होत. प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्यांच्या टोकांविषयीचे आहे.

या पात्यांवर काय ओढवते याची कल्पना साध्या आकडेमोडीने येऊ शकेल. मुळासकट ३०० ग्रॅम वस्तुमानाचे एक पाते घ्यावे. आसापासून त्याचे टोक ४० सेंटिमीटर अंतरावर आहे, पात्याची उंची ५ सेंटिमीटर आहे व चकती मिनिटाला १२,००० फेरे घेते, असे मानावे. मोठ्या विमानाच्या एंजिनात असे आकडे सर्वस्वी संभवनीय आहेत. या हिशेबाने पात्याच्या टोकाची गती सेकंदाला सुमारे ५०० मीटर भरते आणि पाते चकतीपासून उपटून काढू पाहणारी केंद्रोत्सारी प्रेरणा सोळा-सतरा टन वजनाइतकी होते. तळहातावर मावणाऱ्या धातूच्या तुकड्याला माल भरलेली मोटार टांगल्यासारखे हे झाले. हा भार त्याने पेलायचा तो १,५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापलेल्या वायूत. आणि ज्या मिश्रधातूचे ते बनलेले आहे तो १,३०० ते १,४०० अंशांच्या दरम्यान वितळतो! पाते वितळत नाही याचे कारण एवढेच, की संपीडकातून वळवून आणलेली हवा त्याच्या पोकळ पोटातून सतत वाहत असते. या हवेला ‘थंड’ म्हणण्याची पद्धत असली, तरी प्रत्यक्षात तीही सहाशे अंशांच्या आसपास तापलेली असते. थंडपणा हा येथे केवळ सापेक्ष आहे.

पाते पोकळ करून आतून हवा खेळवण्याची युक्ती तशी नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात जर्मनीत मेसरश्मिट २६२ या जेट विमानासाठी ‘युमो ००४’ हे एंजिन बनवले जात असे. युद्धामुळे निकेल मिळेनासे झाले, तेव्हा त्याची पाती पोलादाच्या पत्र्याची, पोकळ व हवेने थंड राखलेली अशी करण्यात आली. एवढे करूनही ते एंजिन दहा ते पंचवीस तासच टिके. आजची एंजिने दुरुस्तीसाठी विमानावरून उतरवण्यापूर्वी हजारो तास चालतात. या फरकात मिश्रधातूंचा, ओतकामाचा आणि शीतनाच्या कौशल्याचा मोठा वाटा आहे. १९८० च्या दशकात तर संपूर्ण पाते धातूच्या एकाच स्फटिकाचे ओतण्याची रीत प्रवासी विमानांच्या एंजिनांत आली. तथापि पात्याचा मध्यभाग सुरक्षित झाला तसतशी टोकाची दुर्बलता अधिकच नजरेत भरू लागली.

फटीतील प्रवाह

टर्बाइनचे पाते आडवे कापले, तर त्याची एक बाजू अंतर्वक्र व दुसरी बहिर्वक्र दिसते. अंतर्वक्र बाजूवर वायूचा दाब अधिक असतो. बहिर्वक्र बाजूवर तो कमी असतो. या फरकामुळेच पाते ढकलले जाते व चकती फिरते. टर्बाइनचे सारे कार्य या दाबाच्या फरकावर अवलंबून असते. पण जेथे दाबाचा फरक असेल तेथे वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाण्याची वाट शोधणारच, आणि टोकावरची फट ही त्याला मिळालेली आयती वाट होय. पाते जितके जोराने काम करील, तितका हा फरक मोठा आणि गळतीही तितकीच मोठी. चांगल्या पात्याला ही शिक्षा अधिक भोगावी लागते, असे म्हणावयास हरकत नाही.

या गळतीने होणारे नुकसान दुहेरी आहे. एक म्हणजे फटीतून गेलेला वायू पात्याच्या वळणाबरोबर वळत नाही, त्यामुळे त्याच्याजवळील ऊर्जा पात्याला मिळत नाही. दुसरे असे, की फटीतून तो पलीकडे झोताच्या रूपाने बाहेर पडतो आणि दोन पात्यांमधून निमूटपणे चाललेल्या मुख्य प्रवाहाला आडवा जाऊन भिडतो. दोन्ही प्रवाहांच्या संघर्षातून एक भोवरा गुंडाळला जातो व पात्याच्या बहिर्वक्र बाजूला लागून मागे मागे वाढत जातो. या भोवऱ्यात मिसळणाऱ्या वायूची गतिज ऊर्जा निरुपयोगी उष्णतेत रूपांतरित होते. फिरत्या पात्यांच्या ओळीत प्रवाहाचे जे एकंदर नुकसान होते, त्यापैकी सुमारे एक तृतीयांश या फटीच्या खाती जमा करावे लागते. पात्याच्या उंचीच्या एक टक्का एवढी फट असेल, तर टर्बाइनच्या त्या टप्प्याची कार्यक्षमता साधारणतः एक ते दोन टक्क्यांनी घटते. पाच सेंटिमीटर उंचीच्या पात्याला एक टक्का म्हणजे अर्धा मिलिमीटर. पात्याची उंची निम्मी केली, तर तीच फट दोन टक्के होते. लहान एंजिने मोठ्यांपेक्षा नेहमी काहीशी उधळी का असतात, याच्या कारणांपैकी हे एक आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ मध्ये जे वाफेचे टर्बाइन चालवले, त्याची पाती फार आखूड होती, आणि फटीतून निसटणाऱ्या वाफेचा प्रश्न त्या पहिल्या यंत्रापासूनच टर्बाइनच्या मागे लागलेला आहे.

फटीतून होणारी हानी गणिताने आधीच सांगता यावी यासाठी अनेकांनी प्रयत्न केले. त्यांत मूळचे भारतीय असलेले बुदुगुर लक्ष्मीनारायण यांचे काम महत्त्वाचे मानले जाते. लिव्हरपूल येथे जे. एच. हॉरलॉक यांच्याबरोबर संशोधन करून ते पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९७० मध्ये त्यांनी भोवऱ्याची कल्पना केंद्रस्थानी ठेवून टोकावरील हानीचे अनुमान करण्याची रीत मांडली. संगणकाच्या साहाय्याने प्रवाहाचे सविस्तर चित्र काढणे शक्य होण्यापूर्वी अभियंत्यांना अशा रीतींवरच विसंबावे लागे.

फटीच्या आत नेमके काय चालते हे मात्र बराच काळ अंधुक होते. फट इतकी अरुंद, की तिच्यात मापनाचे उपकरण घालावे तर तेच प्रवाहाला अडवून धरायचे! दक्षिण आफ्रिकेतील नाताळ विद्यापीठात जेफ्री बिंडन यांनी पात्यांच्या स्थिर रांगेवर अत्यंत बारकाईने मोजमापे घेतली व १९८९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांवरून उभे राहिलेले चित्र असे: अंतर्वक्र बाजूकडून येणारा वायू फटीत शिरताना टोकाच्या धारदार कडेला काटकोनात वळू शकत नाही. भरधाव सायकलस्वाराला अरुंद गल्लीत वळताना जसे पलीकडच्या भिंतीकडे जावे लागते, तसा तो कवचाकडे फेकला जातो. त्यामुळे टोकाच्या पृष्ठभागावर, कडेला लागून, घुटमळणाऱ्या वायूचा एक चपटा बुडबुडा तयार होतो. आधीच अरुंद असलेली वाट या बुडबुड्यामुळे आणखी आवळली जाते व वायूचा वेग वाढतो. थोडे पुढे गेल्यावर प्रवाह पुन्हा खाली वळतो आणि टोकाच्या धातूला येऊन चिकटतो. भोवऱ्यातील मिसळण्याने होणारे नुकसान सर्वांना ठाऊक होते. परंतु नुकसानाचा मोठा भाग फटीच्या आतच, या बुडबुड्यापाशी घडतो ही गोष्ट बिंडन यांच्या मापनांनी पुढे आणली.

टोक का जळते

आता उष्णतेकडे वळावे. वाहत्या वायूकडून धातूकडे किती उष्णता जाईल हे दोन गोष्टींवर ठरते: दोहोंच्या तापमानांतील फरक आणि धातूला लागून असलेल्या वायूच्या पातळ, मंद थराची जाडी. या थराला सीमास्तर म्हणतात. सीमास्तर जाड असला, तर तो धातूला गोधडीसारखा झाकतो. पातळ झाला की गोधडी फाटल्यासारखी होते व उष्णता सरळ आत शिरते. फटीत प्रवाह जेथे पुन्हा खाली येऊन धातूला चिकटतो, तेथे हा थर नुकताच जन्माला येत असतो. तो अत्यंत पातळ असतो, वायूही वेगवान व संक्षुब्ध असतो. साहजिकच त्या पट्ट्यात धातूला मिळणारी उष्णता आजूबाजूच्या भागापेक्षा पुष्कळ अधिक असते. म्हणजे प्रवाहशास्त्रज्ञाच्या दृष्टीने जो बुडबुडा ऊर्जेची हानी करतो, त्याचीच पुढची कड उष्णतेच्या अभ्यासकाला धातू पोळणारी रेषा म्हणून दिसते.

फट रुंद झाली तर उष्णता कमी होईल, असे सकृद्दर्शनी वाटते. प्रयोगांत बहुधा उलट आढळते. फट वाढली की तीतून अधिक वायू जातो आणि टोकाला एकंदरीने अधिक उष्णता मिळते.

याखेरीज टोकाची जागाच मुळी अडचणीची आहे. पात्याच्या मध्यभागाला दोन बाजूंनी आच लागते; टोकाला दोन्ही बाजूंनी लागते आणि वरूनही लागते. हिवाळ्याच्या पहाटे आधी बोटांची टोके गारठतात. सर्व बाजूंनी हवा लागते व आतून पोचणारे रक्त सर्वांत शेवटी तेथे येते, हे त्याचे कारण. पात्याच्या टोकाची स्थिती याच तत्त्वावर, पण उलट दिशेने, समजून घेता येते. आतली शीतन-हवा मुळाकडून वर चढत येईपर्यंत स्वतःच बरीच तापलेली असते. त्यातही टोकाची मागची धार सर्वांत असहाय असते. ती इतकी पातळ असते, की तिच्यात शीतनाचे मार्ग कोरण्यास जागाच उरत नाही. पुष्कळ तास चाललेल्या एंजिनातील पाती काढून पाहिली असता बऱ्याचदा याच ठिकाणी धातूचे ऑक्सिडीकरण झालेले, कड झिजून गेलेली व बारीक तडे पडलेले दिसतात.

ही उष्णता मोजण्याच्या रीती मोठ्या कल्पक आहेत. चालत्या एंजिनात मोजमाप करणे दुरापास्त असल्यामुळे प्रयोगशाळेत पात्यांच्या मोठ्या आकाराच्या प्रतिकृती वातविवरात ओळीने मांडतात व त्यांवरून साधी, कोमट हवा सोडतात. ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८३ मध्ये दाखवून दिलेल्या साम्याच्या तत्त्वानुसार वेग, आकार, घनता आणि श्यानता यांचे ठराविक गुणोत्तर सारखे राखले, तर संथ हवेतील मोठ्या प्रतिकृतीवरून तप्त वायूतील लहान पात्याविषयी बरेच काही सांगता येते. एका रीतीत पात्याच्या टोकावर नॅफ्थलीनचा लेप देतात. कपड्यांच्या कपाटात ठेवावयाच्या डांबराच्या गोळ्या याच पदार्थाच्या बनवीत. त्या वितळत नाहीत, नुसत्याच उडून जातात. लेपावरून हवा गेली की जेथे उष्णता अधिक पोचली असती, तेथेच नॅफ्थलीनही अधिक उडून जाते. प्रयोगानंतर लेपाची खोली जागोजाग मोजली, की उष्णतेचा नकाशाच हाती येतो. दुसऱ्या एका रीतीत तापमानाप्रमाणे रंग बदलणारे द्रव स्फटिक पृष्ठभागावर फासतात व बदलत्या रंगांचे चित्रण करतात.

या प्रयोगांवर एक आक्षेप सहज घेता येण्याजोगा होता. प्रतिकृतीत पाते व कवच दोन्ही स्थिर असतात. खऱ्या एंजिनात मात्र पात्याच्या टोकासमोरून कवच सेकंदाला शेकडो मीटर वेगाने धावत असते. मग हे निष्कर्ष खरे कसे मानावेत? मेल व मेट्झगर या दोघा अमेरिकी संशोधकांनी टोकासमोर हलता पृष्ठभाग ठेवून प्रयोग केले आणि १९८२ मध्ये असे दाखवले, की सपाट टोकाला मिळणाऱ्या सरासरी उष्णतेवर या हालचालीचा फारसा परिणाम होत नाही. फटीतून वायू ढकलणारा दाबाचा फरकच इतका प्रबळ असतो. या निष्कर्षाने संशोधकांना मोठाच दिलासा मिळाला; साध्या व स्वस्त प्रयोगांवर विश्वास ठेवता येऊ लागला. अर्थात तो सर्वत्र लागू नाही. टोकाला काठ काढलेले असले, तर समोरच्या कवचाच्या हालचालीने खोलगट भागातील भोवऱ्यांची मांडणी बदलते, हे पुढे दिसून आले. तसेच प्रत्यक्ष एंजिनात फटीतील वायूचा वेग काही ठिकाणी ध्वनिवेगाच्याही पुढे जातो. अशा प्रवाहाचे वर्तन संथ हवेतील प्रवाहाहून इतके निराळे असते, की त्यासाठी स्वतंत्र प्रयोग करावे लागले.

श्वास घेणारी फट

इतके सगळे तोटे असतील तर फट बंदच का करू नये, असा प्रश्न वाचकाच्या मनात आल्याखेरीज राहणार नाही. अडचण अशी, की फटीचा आकार एका जागी ठरत नाही.

निकेलचा मिश्रधातू तापला असता एका अंशाला दर मीटरमागे सुमारे १५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे १५ हजारांश भाग, वाढतो. वरच्या उदाहरणातील ५ सेंटिमीटरचे पाते ९०० अंशांनी तापले, तर सुमारे ०.७ मिलिमीटर लांबेल. त्याखालची चकती ३५ सेंटिमीटर त्रिज्येची आहे. ती सरासरी ५०० अंशांनी तापली, तर तिची त्रिज्या २.६ मिलिमीटरने वाढेल. फिरण्याच्या ताणाने येणारी वाढ निराळीच. राखावयाची फट मात्र अर्धा मिलिमीटर! बाहेरचे कवचही तापून फुगते म्हणूनच हा व्यवहार जमतो. पण हे तिन्ही भाग एकाच गतीने तापत नाहीत. पाते पातळ व ज्वाळेच्या तोंडाशी असल्यामुळे काही सेकंदांत तापते. कवचाला त्याहून अधिक वेळ लागतो. जाडजूड चकती तर कित्येक मिनिटे घेते.

विमान धावपट्टीच्या टोकाशी उभे राहून वैमानिकाने पूर्ण शक्ती दिली, की फिरण्याच्या ताणाने व तापण्याने पाती ताबडतोब लांबतात. कवच अद्याप पुरते फुगलेले नसते. फट क्षणभर अगदी आवळली जाते. थोड्याच वेळात कवच तापून दूर सरते आणि फट नको तितकी रुंद होते. मग सावकाश चकती तापते व फट पुन्हा कमी होते. उंचावर गेल्यावर शक्ती घटवली, की हा क्रम निराळ्या रीतीने परत सुरू होतो. सर्वांत धोक्याचा प्रसंग म्हणजे शक्ती एकदम कमी करून लगेच पुन्हा वाढवणे. तेव्हा कवच थंड होऊन आकसलेले असते, चकती मात्र तापलेलीच असते, आणि पाती पुन्हा लांबतात. या एका प्रसंगात टोके कवचाला घासू नयेत म्हणून उरलेल्या संपूर्ण प्रवासात फट थोडी अधिक सोडावी लागते. क्वचित येणाऱ्या क्षणासाठी तासन्‌तास इंधनाचा भुर्दंड भरावा लागतो. शिवाय उड्डाणाच्या वेळी एंजिनावर येणाऱ्या भारांमुळे कवच पूर्ण गोल राहत नाही, किंचित अंडाकृती होते. त्यामुळे फट एका बाजूला कमी व दुसऱ्या बाजूला अधिक होते.

यावर योजलेले उपाय अनेक आहेत, आणि प्रत्येक उपाय काहीतरी मोबदला मागतो. पात्यांच्या टोकांवर आडव्या पट्ट्या बसवून त्यांचे सलग कडे करावे, ही ब्रिटिश एंजिनांच्या परंपरेत रुजलेली रीत. अशा कड्यावर बारीक उभे काठ देऊन गळती चांगली रोखता येते. पण ही पट्टी नेमकी पात्याच्या टोकावर, म्हणजे केंद्रोत्सारी प्रेरणा सर्वाधिक असते तेथे, वजन वाढवते. शिवाय तिलाही थंड राखावे लागतेच. अमेरिकी कारखान्यांनी बहुधा टोक मोकळेच ठेवून त्याला खोलगट केले व भोवती पातळ काठ उभा केला. पसरट ताटाला किनार असावी तसा हा आकार दिसतो. त्याला ‘स्क्वीलर’, म्हणजे किंचाळणारा, असे नाव आहे. काठ कवचाला घासलाच तर थोडासाच धातू झिजतो, सबंध पाते धोक्यात येत नाही. खोलगट भागात वायू घोळत राहिल्याने गळती कमी होते आणि तळाला मिळणारी उष्णताही घटते. परंतु हा पातळ काठ स्वतः तिन्ही अंगांनी तापतो व प्रथम तोच जळतो. काठ झिजला की त्याचा लाभही त्याच्याबरोबर जातो.

कवचाच्या आतल्या बाजूला मुद्दाम झिजणारा लेप देणे, पात्याच्या टोकावर कठीण कण बसवून त्याने त्या लेपात स्वतःपुरती चर कोरून घेणे, हा आणखी एक मार्ग. सर्वांत चतुर उपाय मात्र कवचाला बाहेरून हवा मारण्याचा आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोठ्या प्रवासी विमानांच्या एंजिनांत तो हळूहळू रूढ होत गेला. विमान उंचावर स्थिर वेगाने चालू लागले, की पुढच्या पंख्याकडील गार हवा नळ्यांवाटे कवचाभोवती सोडतात. कवच आकसते व फट मिटत येते. ४० सेंटिमीटर त्रिज्येचे कवच सुमारे ४० अंशांनी थंड केले, तर त्याची त्रिज्या पाव मिलिमीटरने कमी होते. पाव मिलिमीटर ही क्षुल्लक बाब वाटेल. परंतु उच्च दाबाच्या टर्बाइनमध्ये फट तेवढ्याने कमी झाली, की इंधनाचा खर्च सुमारे एक टक्क्याने घटतो आणि बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान सुमारे १० अंशांनी उतरते, असा अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेतील अभ्यासकांनी दिलेला हिशेब आहे.

या शेवटच्या आकड्यातच टोकाच्या प्रश्नाचे मर्म आहे. तो उलटा वाचून पाहावा. टोक पाव मिलिमीटरने झिजले. फट वाढली, टर्बाइनची कार्यक्षमता घटली. विमानाला मात्र तेवढीच ओढ हवी आहे. म्हणून नियंत्रक अधिक इंधन सोडतो व वायू अधिक तापतो. अधिक तापलेला वायू, पूर्वीपेक्षा रुंद फटीतून, पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात टोकावरून जातो. टोक आणखी झिजते. बांधाचे बीळ पाण्याने मोठे होत जावे, तसेच हे आहे. बाहेर पडणाऱ्या वायूच्या तापमानाला एक कमाल मर्यादा घालून दिलेली असते. नव्या एंजिनात या मर्यादेच्या आत बरेच अंश शिल्लक असतात. वापराबरोबर ही शिल्लक संपत जाते, आणि ती संपली की एंजिन विमानावरून उतरवून दुरुस्तीला पाठवावे लागते.

उष्ण देशांत ही शिल्लक लवकर अपुरी पडू लागते. समुद्रसपाटीवर सुमारे ३० अंश तापमानापर्यंत पूर्ण ओढ देता यावी, अशा बेताने एंजिनांची कमाल ओढ सामान्यतः ठरवलेली असते. मे महिन्यात दिल्लीला किंवा नागपूरला दुपारी पारा ४४-४५ अंशांवर असताना उड्डाण करणारे एंजिन मुळातच या मर्यादेच्या अगदी काठाशी काम करीत असते. हवेतील धुळीचा उपद्रव वेगळाच. बारीक धूळ शीतन-हवेबरोबर पात्याच्या पोटात शिरते व टोकाकडील वळणांवर साचते. यासाठी पात्याच्या टोकाला धूळ बाहेर फेकणारी छिद्रे ठेवलेली असतात. त्यांतून निसटणारी हवा टोकाला थोडीफार थंडही ठेवते. दोन कामे एकाच छिद्राने होतात. छिद्र बुजले तर दोन्ही बंद पडतात.

नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या विद्युत्केंद्रांतील टर्बाइनांनाही हेच नियम लागू पडतात. त्यांची पाती आकाराने मोठी व यंत्र एकाच वेगाने दीर्घकाळ चालणारे, म्हणून फटीचे आकुंचन-प्रसरण तितके तीव्र नसते. परंतु ग्राहकांच्या मागणीनुसार टर्बाइन रोज थांबवून पुन्हा सुरू करावे लागू लागले, की ही सवलत संपते आणि विमानातील एंजिनाप्रमाणेच पात्यांच्या टोकांना दररोजचा ताप-गारव्याचा फेरा भोगावा लागतो.

टोकांची प्रत्यक्ष तपासणी एंजिन न उघडताही करता येते. कवचाला ठेवलेल्या लहानशा छिद्रातून दिवा व भिंग असलेली लवचीक नळी आत सोडतात. एक तंत्रज्ञ बाहेरून चक्र हळूहळू फिरवतो आणि दुसऱ्याच्या डोळ्यांसमोरून एकामागून एक पाती सरकत जातात. कोठे काठाचा रंग बदललेला, कोठे लेप उडालेला, कोठे मागच्या धारेपाशी केसाएवढा तडा गेलेला दिसतो. तड्याची लांबी ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत असली, तर पात्याचा क्रमांक व तड्याचे माप नोंदवहीत लिहून एंजिन पुन्हा उड्डाणाला सोडतात, आणि ठराविक तासांनी तेच पाते पुन्हा पाहतात. मर्यादा ओलांडली असेल, तर एंजिन कार्यशाळेत जाते. तेथे जी पाती दुरुस्त होण्याजोगी असतात, त्यांचा जळका काठ घासून काढतात, त्याजागी नव्या धातूचा थर चढवतात, आणि तो पुन्हा मूळच्या उंचीला, मिलिमीटरच्या शतांश भागापर्यंत मोजून, तासून घेतात.